पाण्यातली गाडी

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला रत्नपाल खंदारे यांचा फोन वाजला आणि पहिल्याच वाक्यात त्यांच्या चौतीस वर्षांच्या नावाची माती झाली.

"फोरमनसाहेब, तुम्ही पास केलेली गाडी पाण्यातली निघाली."

बोलणारा वैजनाथ होता. पुण्याला मोठ्या कंपनीत नोकरी करणारा, कळमनुरीच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर ज्याच्या वडिलांची शेती आहे तो. पाण्यातली गाडी म्हणजे पुरात बुडून निघालेली. जुन्या गाड्यांच्या बाजारात याहून वाईट शिवी नाही. अशी गाडी धुऊनपुसून, अत्तर मारून विकतात आणि चार-सहा महिन्यांत तिच्या वायरी आतून सडायला लागतात. मग ती भर रस्त्यात कुठंही मान टाकते.

"शक्य नाही," रत्नपाल म्हणाले.

"चिखल आहे साहेब. गालिच्याखाली, सीटखाली, सीटबेल्टच्या पट्ट्यात. मी व्हिडिओ काढून तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय. दोन वाजता हिंगोलीला जाऊन गाडी विकणाऱ्या खेमावर तक्रार देतोय. त्यात तुमचं नाव घालायचं की नाही, ते तुम्हीच येऊन सांगा."

फोन ठेवला गेला. रत्नपाल हातातला चहाचा कप तसाच घेऊन ओट्याशी उभे राहिले. त्यांनी ग्रुप उघडला. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'फोरमनपण विकले गेले.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग होती.

एसटीच्या वर्कशॉपात ते फोरमन होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, बायको शिलाताई जाऊन दोन. मुलगी ऐश्वर्या नागपूरला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस फोन वाजायचा तो फक्त एका कारणासाठी. तालुक्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की म्हणायचं, आधी फोरमनला दाखवा. ते एक पैसा घेत नसत. चहा घेत, गाडीखाली सरपटत आणि हो की नाही सांगत. लोकांना वाटायचं माणूस परोपकारी आहे. खरी गोष्ट अशी होती की कुणीतरी 'कवा येताव?' असं विचारावं, यासाठी त्यांचा जीव टांगलेला असायचा. आता ते विचारणारं कुणी राहणार नव्हतं.

त्यांनी खिशात टॉर्च टाकली, धुतलेला पांढरा रुमाल घेतला आणि स्कूटर बाहेर काढली. तेवढ्या वेळात मंगळवारी गाडी दाखवणार होते त्या मास्तरांचा मेसेज आला. 'सध्या राहू द्या.'

२

वैजनाथच्या वडिलांचं, सोनाजींचं, घर शेतातच होतं. पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, शेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती काळी, उंच, परदेशी बनावटीची गाडी. बॉनेटवर शनिवारच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं.

लिंबाखाली बाजेवर सोनाजी बसले होते. वय चौऱ्याहत्तर. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उभ्यानं वाकता येत नाही, मांडी घालता येत नाही, काठीशिवाय दहा पावलं चालता येत नाही. पण रिकामं बसणं रक्तात नाही. हळद निघून गेली होती आणि पुढच्या लागवडीसाठी ठेवलेलं बेणं ते निवडत होते. एकेक गड्डा हातात घ्यायचा, अंगठ्यानं चोळून माती पाडायची, मुळ्या तोडायच्या, बरा असेल तर टोपल्यात, नाहीतर बाजूला. शेजारी पाण्याचा तांब्या होता.

"या फोरमन," ते म्हणाले. "तकलीफ दिली तुमाला."

एवढंच बोलून ते परत गड्ड्यांकडं बघायला लागले. रत्नपालांना ते लागलं. हा माणूस बोलका होता.

वैजनाथ शेडमध्ये उभा होता, डोळे तारवटलेले. त्याच्यामागं मुन्ना, गाडीसाठी पगारावर ठेवलेला ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा, तोंडात बडीशेप.

"हे बघा," वैजनाथनं मागचं दार उघडलं. डाव्या बाजूच्या सीटपुढचा गालिचा उचलला. खाली काळ्या मातीचा वाळत आलेला थर होता. पुढच्या सीटच्या पोटाला, मागच्या बाजूनं, तसाच चिखल. मग त्यानं डाव्या सीटचा पट्टा ओढत ओढत पार शेवटापर्यंत आणला. शेवटची वीतभर पट्टी चिखलानं माखलेली होती. "तुम्हीच म्हणाला होतात ना, पट्टा शेवटापर्यंत ओढून बघायचा, लबाडी तिथं सापडते म्हणून? मग तुम्हाला कशी नाही सापडली?"

रत्नपालांनी शुक्रवारी हाच पट्टा ओढला होता. तो कोरडा होता. हाच गालिचा उचलला होता. तो स्वच्छ होता. आपले डोळे वयानं दगा द्यायला लागले की काय, ही भीती क्षणभर त्यांना चाटून गेली.

ते गाडीत शिरले. बोटानं चिखल काढून रुमालाला पुसला. मग उजव्या बाजूचा गालिचा उचलला, उजवा पट्टा ओढला, ड्रायव्हरच्या सीटखाली टॉर्च मारली. शेवटी खाली उतरून, पान्यानं मागचा लाल दिवा सोडवला आणि आत बघितलं. बघून झाल्यावर दिवा पुन्हा बसवला.

रत्नपालांची एक सवय होती. वर्कशॉपात शिकाऊ पोरांना शिकवून शिकवून ते जे तपासायचे ते मोठ्यानं बोलत तपासायचे. आज मात्र पहिल्यांदाच त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"आबांच्या. सकाळी म्हणाले, गाडीत कुबट वास येतोय, जरा पट्टा-बिट्टा ओढून बघ."

"चावी कुठं असते?"

"दाराजवळ खिळ्याला. काल मी आणि मुन्ना माझ्या गाडीनं हिंगोलीला गेलो होतो, दिवसभर. इथं आबा आणि संगिता वहिनी."

संगिता चहा घेऊन आली. शेजारच्या वस्तीवर राहणारी चुलत सून, सोनाजींचा दोन वेळचा डबा तिच्याकडून येतो. "म्या गाडीला हातबी न्हाई लावला," ती न विचारताच म्हणाली. "शनिवारी पूजेला लांबूनच हात जोडले. काल तर आबाच बसून व्हते गाडीत, दुपारभर. नवी गाडी, हौस असती. म्या डबा ठीवला अन् गेले."

"आन मी कशाला असलं करीन?" मुन्ना आपण होऊन पुढं आला. "माझ्या साडूची गाडी घ्या म्हनत व्हतो, हे खरं हाय. न्हाई घेतली, व्हय, राग आला. पर ही गाडी वापस गेली तर माझी नोकरीबी जाती ना साहेब."

मुन्नाचं म्हणणं सरळ होतं. रत्नपालांनी मान हलवली आणि चहाला हात लावणार, एवढ्यात वैजनाथनं ज्यासाठी त्यांना बोलावलं होतं ते विचारलं.

"खरं सांगा साहेब. खेमानं तुम्हाला काही दिलं का?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. चहा तसाच ठेवून ते उठले.

"दोनपर्यंत थांबा," ते म्हणाले. "मग माझं नाव पहिलं घाला."

३

वारंगा फाट्यावर ट्रकांच्या गर्दीत खेमा राठोडचं जुन्या गाड्यांचं अंगण आहे. खेमा दारातच उभा होता.

"फोरमन, मी बुडालो," तो म्हणाला. "सकाळपासून दोन गिऱ्हाईक आले आणि दोन्ही पळाले. मी लबाड आहे, मान्य. टायर घासलेले असले तर पॉलिश मारतो, सीट फाटलेली असली तर कव्हर घालतो. पण पाण्यातली गाडी? म्हातारा माणूस बसणार त्यात! तुम्ही बघितली होती ना?"

"बघितली होती. शुक्रवारी इथं कोण कोण होतं, आठव बरं."

"तुम्ही, मी, वैजनाथ, त्याचे आबा आणि तो बडीशेपवाला ड्रायव्हर."

"मी काय काय बोललो?"

खेमा हसला. "तुमचं भाषण माझं पाठ आहे. पाण्यातली गाडी ओळखायची तर पट्टा शेवटापर्यंत ओढा. गालिचा उचला. सीटच्या पोटाखाली हात घाला."

"आणि?"

"आणि मागचा दिवा उघडा. सगळं धुतलं तरी दिव्याच्या आत चिखलाची रेघ राहते. तुम्ही उघडला, ड्रायव्हरनं पाना धरला, वैजनाथनं मोबाइलचा उजेड दाखवला."

"आणि आबा?"

"ते तेव्हा नव्हते. कंबर धरली म्हणून समोर हॉटेलात जाऊन बसले होते. पण त्यांचं काय?"

रत्नपाल सकाळचा दिवा आठवत होते. आज सकाळी त्या दिव्याच्या आत काही नव्हतं. कोरडी धूळ आणि एक मेलेला किडा. वर्षाचं तरी असेल असलं कोळ्याचं जुनं जाळं शाबूत होतं. पुराचं पाणी ते ठेवत नसतं.

त्यातच खिशातला फोन वाजला. बघतात तर विमा कंपनीचा मेसेज. 'प्रिय ग्राहक, आपल्या वाहनाची पॉलिसी सुरू झाली आहे.' खाली गाडीचा नंबर होता, त्याच काळ्या गाडीचा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आपला फोननंबर चुकून पडला असेल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

समोरच्या हॉटेलात ते हात धुवायला गेले. बोटांना चिखल होता, रुमाल तर पुरता काळवंडला होता. बायको गेल्यापासून स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्या माणसाला असला डाग बघवत नाही. बेसिनवर कपड्याच्या साबणाची वडी होती. त्यांनी रुमाल भिजवला, माती वाहून गेली, मागं पिवळट छटा राहिली. तिच्यावर त्यांनी साबण घासला.

डाग लालभडक झाला.

ते रुमालाकडं बघत राहिले. मागं रांगेतला ट्रकवाला "हो गया क्या चाचा?" म्हणेपर्यंत नळ तसाच वाहत होता. साबण लागल्यावर लाल होणारा डाग कशाचा, हे मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तो चिखल कुठल्या नदीचा नव्हता, पुराचा नव्हता. तो हळदीच्या गड्ड्यांना चोळून काढलेल्या मातीचा होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हळदीचा वास येत नाही. म्हणजे येतो, पण कळत नाही. घरात, अंगणात, गोणपाटात, अंगाच्या कपड्यात तोच असतो. माती भिजवताना तिला हळदीचा वास मारतोय, हे कुणा परक्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं असतं. ज्यानं हे केलं त्याच्या लक्षात आलं नाही, कारण त्याचे स्वतःचेच हात तसे होते.

रत्नपालांनी घड्याळ बघितलं. साडेबारा.

४

परत येताना वाटेत त्यांनी मनात सगळं मांडून पाहिलं. बरं वाटण्याऐवजी जीव जड झाला.

चिखल तीन ठिकाणी होता. जी तीन ठिकाणं मोठ्यानं बोलली गेली होती, नेमकी तीच. चौथं राहिलं होतं. खेमाला, मुन्नाला, वैजनाथला चौथं माहीत होतं. त्यांच्यापैकी कुणी सोंग रचलं असतं तर दिव्यात आधी माती भरली असती. संगिताला एकही ठिकाण माहीत नव्हतं. तीन ऐकून चौथ्याआधी उठून गेलेला माणूस एकच होता.

आणि माती फक्त डाव्या बाजूला, फक्त मागं. पाणी डावं-उजवं बघत नाही, आलं की सगळं भरतं. पण मागच्या डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा हात कुठं कुठं पोचतो? पायाशी गालिच्याच्या कडेला, समोरच्या सीटच्या पोटाला आणि खांद्याजवळच्या पट्ट्याला. ज्याला उतरून दुसऱ्या बाजूनं वाकता येत नाही, तो एवढंच करू शकतो.

वैजनाथ घरात फोनवर इंग्रजीत बोलत होता. रत्नपाल सरळ लिंबाखाली गेले, बाजेच्या कोपऱ्यावर बसले. रुमाल उघडून मांडीवर पसरला. डाग अजून ओला आणि लाल होता.

सोनाजींनी रुमाल बघितला. मग स्वतःचे हात बघितले. गड्डा टोपल्यात ठेवला.

"साबन लावला व्हय," ते म्हणाले.

"व्हय."

लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.

"काहून केलं आबा?" रत्नपालांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो लपवायची त्यांची इच्छाही नव्हती. "खेमा सकाळपासून शिव्या खाऊन राहिला. मला लोकं विकलेला म्हणून राहिले. चौतीस वर्षं मी कुणाचा रुपया नाही घेतला. दुसरं काय आहे माझ्यापाशी?"

"तुमचं ध्यानातच न्हाई आलं, फोरमन," सोनाजी म्हणाले. "खरं सांगतो. गाडी वापस जाईल, एवढंच डोक्यात व्हतं."

"एवढी चांगली गाडी. उंच सीट, तुमच्या कंबरेला धक्का नाही. पोरानं चार महिने शोधून काढली."

"त्याच्यासाठीच तर!" म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "दर म्हैन्याच्या पंचवीस तारखेला नांदेडला दवाखान्यात माजी पाळी असती. साडेतीन वर्सं झाले. पंचवीसला डॉक्टर, म्हून चोवीसला पोरगं घरी. पुण्याहून येतंय, राती हितं जेवतंय, सकाळी मला धरून गाडीत बसवतंय. जाताना दोन घंटे, येताना दोन घंटे. तेवढंच आमी बोलतो. बाकी म्हैनाभर मी या झाडासंगं बोलतो. आता गाडी आली, ड्रायव्हर आला. मुन्ना नेईल, मुन्ना आनील. मंग पोरगं काहून येईल? सांगा ना. तुमची मुलगी कारन असल्याबिगर येती व्हय तुमाकडं?"

शेवटचा प्रश्न त्यांनी वार म्हणून केला नव्हता, पण तो बसला. ऐश्वर्या दिवाळीला आली होती. दोन दिवस. रत्नपालांना आठवलं, ती निघताना तिच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज बरोबर नाही असं सांगून त्यांनी तिला आणखी एक दिवस थांबवायचा प्रयत्न केला होता. इंजिन ठणठणीत होतं.

त्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"दोनला वैजनाथ हिंगोलीला निघणार," ते म्हणाले. "मी त्याला काही सांगणार नाही. पण खेमाला लेकरंबाळं आहेत आबा. आणि मला... मला तो फोन लागतो. तुम्हीच सांगा."

सोनाजींनी तोंडावरून हात फिरवला. गालाला पिवळी रेघ उमटली. ते काही बोलणार, एवढ्यात दारातून वैजनाथ बाहेर आला, हातात कागदांची फाइल.

"चला साहेब," तो म्हणाला. "झालं का तुमचं ठरवून?"

५

"चिखल म्या लावला," सोनाजी म्हणाले.

वैजनाथ जागेवरच थांबला. आधी त्याला ऐकू आलं नसावं, मग कळलं नसावं. त्यानं रत्नपालांकडं बघितलं. त्यांनी रुमाल पुढं केला आणि थोडक्यात सांगितलं, तीन जागा, चौथी जागा, डावी बाजू, साबण. बोलताना ते कुणाकडं बघत नव्हते. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

"आबा, पण का?"

सोनाजींची मान खालीच. ते आता सांगणार नव्हते. रत्नपालांना सांगणं वेगळं आणि पोटच्या पोराला सांगणं वेगळं.

"गाडी आली की तू यायचा बंद होशील, म्हणून," रत्नपालच म्हणाले.

वैजनाथच्या हातातली फाइल हळूहळू खाली आली. तो रागावला असता तर बरं, ओरडला असता तर बरं. तो रडवेला झाला, आणि ते बघून रत्नपालांच्या डोक्यात सकाळपासून अडकलेली दुसरी गाठ सैल व्हायला लागली. त्यांनी फोन काढला.

"वैजनाथ, विम्याच्या कागदावर माझा नंबर तू टाकलास? मला वाटलं चुकून पडला."

वैजनाथ फाइलीकडं बघायला लागला.

"ड्रायव्हर पगारावर ठेवलास. कागदांवर शेजारच्या तालुक्यातल्या, रिटायर झालेल्या, नात्याच्या नाही गोत्याच्या नाही अशा माणसाचा नंबर टाकलास. तुझा स्वतःचा का नाही टाकला?"

"ओटीपी यायला इथला नंबर लागतो," वैजनाथ पुटपुटला.

"तुझा इथलाच आहे."

"पुढच्या महिन्यापासून नसेल." तो बाजेवर बसला, वडिलांच्या पायांशी. "आबा, कंपनी मला जर्मनीला पाठवतेय. पाच वर्षांसाठी. डिसेंबरात ठरलंय. दर चोवीस तारखेला सांगायचं ठरवून यायचो. तुमच्याकडं बघायचो आणि नांदेडहून परत आलो की निघून जायचो. म्हटलं आधी गाडी बघू, भरवशाची, कधी बंद पडणार नाही अशी. मग सांगू. गाडी असली म्हणजे सांगायला सोपं जाईल." त्यानं नाक पुसलं. "म्हणून तर सकाळी डोकं फिरलं माझं. तुमची सोय लागेना, आणि विमान तर ठरलेलं."

संगिता दारात उभी होती, ती पदराला हात पुसत आत निघून गेली. मुन्नानं बडीशेप थुंकून टाकली.

म्हणजे गाडी परत गेली असती तरी पोरगं जाणारच होतं. सोनाजींना हे कळायला थोडा वेळ लागला. रत्नपालांना ते त्यांच्या चेहऱ्यावर कळताना दिसलं, आणि आपण ही दुसरी गाठ सोडवली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"तिकडं थंडी लई असती म्हनतेत," सोनाजी म्हणाले. "कानाला बांधत जाय."

"हो आबा."

"गोधडी ने एखादी."

"हो."

वैजनाथनं तिथंच बसून तो व्हिडिओ डिलीट केला आणि ग्रुपवर लिहिलं की गाडी चांगली आहे, चूक घरच्यांची होती, फोरमनसाहेबांची आणि खेमाशेठची माफी मागतो. दोन मिनिटांत लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्या मास्तरांचा फोनही आला, 'उद्या येताव ना मग?' रत्नपाल 'बघतो' म्हणाले. सकाळी याच फोनसाठी ते रडकुंडीला आले होते.

मग वैजनाथ 'खेमाला समक्ष भेटून येतो' म्हणून मुन्नाला घेऊन निघाला. अंगण रिकामं झालं. रत्नपालांनी हौदातून बादलीभर पाणी घेतलं, फडका घेतला आणि गाडीचं मागचं दार उघडलं. आपण का धुतोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

काठीचा आवाज आला. सोनाजी दहा पावलं चालत शेडपर्यंत आले, उंच सीटवर टेकून बसले, दम खाल्ला.

"फोरमन, ही गाडी पाच वर्सं टिकंल?"

"टिकेल, आबा."

"बराबर बघून सांगा."

"बघितलंय. कुठंच काही नाही. टिकेल."

"आन मी?"

रत्नपालांनी आजवर हजारो गाड्यांना हो किंवा नाही सांगितलं होतं, एका दमात. आता ते सोनाजींकडं नुसते बघत राहिले. वाळलेली मान, गालावरची पिवळी रेघ, उत्तराची वाट बघणारे डोळे.

त्यांनी फडका पिळला, पट्टा पार शेवटापर्यंत ओढून घेतला आणि माती पुसायला लागले. थोड्या वेळानं सोनाजींनी पट्टा मागं जाऊ नये म्हणून त्याचं टोक हातात धरलं.